बरणीभर पिल्लं

माझा नवरा जहाजावर गेला तेव्हा घरात चार गप्पी मासे ठेवून गेला. तीन माद्या आणि एक नर. "यांना काही लागत नाही," बॅगेची चेन ओढता ओढता तो म्हणाला. "चिमूटभर खाणं घालायचं आणि आठवड्याला थोडं पाणी बदलायचं." हेच वाक्य त्याने दोन महिन्यांच्या ठमीबद्दल म्हटलं नाही, एवढीच त्याची कृपा.

आम्ही या गावात नवे होतो. खोकी फोडून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. चौथ्या मजल्यावरचं डावीकडचं घर, समोरच्या दाराला कुलूप, आणि ठमी दचकून उठते म्हणून बंद करून टाकलेली बेल. बेल बंद केली त्या दिवशी मला वाटलं होतं, चला, आता शांतता. पुढे कळलं की ती तशीही वाजणार नव्हती.

सुरुवातीला मी माशांकडे बघायची ते फक्त ठमीला गप्प करायला. ती रडायला लागली की तिला काचेसमोर धरायचं. मग रडणं अर्ध्यात सुटायचं आणि तोंड तसंच उघडं राहायचं, त्यातून लाळेची तार. बघून बघून माझीही ओळख झाली. माद्यांना मी थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला लागले. नर झगमगीत शेपटीचा आणि बिनकामाचा, दिवसभर बायकांच्या मागे. त्याला भावोजी.

एका सकाळी थोरलीच्या पोटामागचा डाग काळा पडलेला दिसला. मी फोटो काढला, ठमीला पोटाशी बांधलं आणि चौकातल्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि एखाद्या बाळंतपणाच्या डॉक्टरसारखं विचारलं, "पोट गोल आहे की चौकोनी?"

"चौकोनी असतं पोट?"

"समोरून बघायचं. खोक्यासारखं दिसायला लागलं की दोन-तीन दिवसांत मोकळी होते. आणि बरं का, नराशी एकदा गाठ पडली की पुढची चार-पाच बाळंतपणं नराशिवाय होतात. साठवून ठेवते ती."

"म्हणजे नवरा जहाजावर गेला तरी अडत नाही."

तो हसला नाही. त्याला काय माहीत. तो पाण्याच्या पिशवीला रबर लावत होता. त्या दिवशी मी मोठ्या माणसाशी बोललेलं ते तिसरं वाक्य होतं. आधीची दोनही त्याच्याशीच.

त्याला मी मनातल्या मनात डॉक्टर म्हणू लागले. त्याच्याकडून बाळंतिणीची खोली आणली, म्हणजे टाकीत आतून अडकवायची प्लास्टिकची पारदर्शक डबी. पिल्लं तळातल्या फटीतून खाली पडतात आणि आई वर राहते, कारण गप्पीची आई स्वतःची पिल्लं खाते. हे ऐकून मी ठमीच्या डोक्यावरची टोपी उगाच नीट केली. आणि पोट चौकोनी व्हायची वाट न बघता थोरलीला त्याच दिवशी डबीत टाकलं. लवकर दाखल केलेलं बरं, असा माझा हिशोब. मलाही तसंच ठेवलं होतं, शेवटचे बारा दिवस, खिडकीपासून लांबच्या खाटेवर.

थोरली डबीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. दुसऱ्या दिवशी खाईना. तिसऱ्या दिवशी पंख मिटून घेतले. मी पुन्हा दुकानात.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला आठ दिवस आधी नेऊन कोंडलं असतं तर?"

त्याने मूठभर शेवाळाचा गुंता पिशवीत भरून दिला. "हे सोडा पाण्यात आणि तिला बाहेर काढा. पिल्लं यात लपतील. तिला फिरू दे."

थोरलीला मोकळी केल्यावर तिने टाकीला दोन पूर्ण फेऱ्या मारल्या. मी बघतच उभी राहिले. मग ठमीला घेऊन मीही खाली गेले आणि इमारतीला दोन फेऱ्या मारून आले.

पिल्लं झाली ती दुपारची, ठमीची झोप लागल्या लागल्या. वाकून गुंडाळलेला एक ठिपका थोरलीच्या खालून सुटला, बुडत गेला, तळाला टेकायच्या आत उलगडला आणि पोहत सुटला. कुणी शिकवलं नाही, कुणी पाठीवर थोपटलं नाही. मग दुसरं. मग थोडा दम खाऊन तिसरं. चौथं शेवाळापर्यंत पोचायच्या आत थोरली वळली आणि तिने ते खाल्लं. अगदी सहज. मी "अगं!" म्हणून ओरडले आणि ठमी उठली. मग एका काखेत रडणारी ठमी आणि दुसऱ्या हातात आमटीचा मोठा चमचा, असं मी एकतीस पिल्लांना एकेक करून वेगळ्या टबात घातलं. त्यातली सत्तावीस जगली.

त्यानंतर फ्रिजच्या दारावर एकच कागद असायचा. ठमीला पाजायची डावी बाजू, उजवी बाजू, आणि पिल्लं. सकाळी सहा, डावी. सात, पिल्लं. नऊ, उजवी. पिल्लांना दिवसातून चार वेळा थोडंथोडं. मोठ्यांच्या खाण्याची बोटांनी पिठासारखी पूड करायची. एक दिवसाआड उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात नुसता हलवायचा, पाणी जरा धुरकट झालं की बाहेर. ठमीच्या औषधाच्या ड्रॉपरने तळातली घाण ओढून घ्यायची, तेवढंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं. तो ड्रॉपर मग माशांचाच झाला. पंधरा दिवसांनी मधली मोकळी झाली, मग पुन्हा थोरली. टब दोन झाले, तीन झाले. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. तसंही मी तिथे फार वेळ नसायची. ठमीला दाराबाहेर पाळणाखुर्चीत बांधायचं, दार उघडं ठेवायचं, दोन तांबे अंगावर घ्यायचे की झाली अंघोळ.

नवऱ्याला नेटवर्क मिळालं की तो फोन करायचा. "टाकी दाखव." मग, "ठमी दाखव." मग, "तू बरी आहेस ना? कुणाची ओळख झाली का?"

"होईल की," मी म्हणायची.

पिल्लं दीड महिन्याची झाली, नरांच्या शेपटीत रंग उतरायला लागला, आणि मला कल्पना सुचली. पिल्लं द्यायची. कुणाला हवी असतील त्यांनी यावं, बघावं, घेऊन जावं. आता खरं सांगायचं तर मला पिल्लं खपवायची नव्हती. मला कुणीतरी दार वाजवायला हवं होतं. लिफ्टजवळच्या फळ्यावर मी कागद लावला. 'गप्पी माशांची पिल्ले मिळतील. चौथा मजला, डावीकडचे घर. बेल बंद आहे, दार वाजवावे. सकाळी यावे.' वर गेल्यावर वाटलं, ज्यांना सकाळी जमत नाही त्यांचं काय? परत खाली येऊन लिहिलं, 'दुपारीही चालेल.' दुसऱ्या दिवशी त्याखाली 'संध्याकाळीही'.

आठ दिवस कुणी आलं नाही. नवव्या दिवशी अकरा वाजता दारावर दोन टिचक्या पडल्या.

पन्नाशी ओलांडलेली बाई, केस घट्ट बांधलेले, हातात मुरंब्याची असावी तशी रुंद तोंडाची काचेची बरणी. "दुसऱ्या मजल्यावर राहते मी. ती पिल्लं तूच देतेस ना? मग अशी बघत काय उभी राहिलीस, आत घे की."

त्या बरणीकाकू. आत आल्या, चपला काढल्या, एका नजरेत घर बघून घेतलं. "पसारा आहे," मी म्हणाले. "दिसतोय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरचे लंगोट बाजूला सारून बसल्या. ठमीला मांडीवर घेतलं. ठमी अनोळखी माणसाला बघून रडते, पण काकूंचा चष्मा ओढायच्या नादात तिला रडायचं सुचलं नाही. मी चहा टाकला. बरणीत दहा पिल्लं मोजून घातली.

"नाव काय हिचं? ठमी? हे काय नाव झालं? शाळेत घालताना तरी बरं काही लिही. किती महिन्यांची? आणि बाप कुठेय? जहाजावर? बरं आहे बाबा, सहा महिने घोरणं नाही."

मी हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

त्या मंगळवारी आल्या होत्या. शुक्रवारी पुन्हा आल्या, बरणी घेऊन. "अजून आहेत का गं?" मग पुढच्या मंगळवारी. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं. "कधी धुतलेस?"

"वेळ होत नाही हो."

"दे इकडे तिला. तू जा, न्हाऊन घे. दार लावून घे, रडली तरी बाहेर यायचं नाही."

मी टब बाहेर सरकवले, दार लावलं आणि कडी घातली. केसांवरून गरम पाणी ओतलं. बाहेरून काकूंचा आवाज येत होता, "हा बघ मासा, हा बघ दुसरा मासा, आई आहे का तिथे? नाहीये, पळून गेली तुझी आई." मी पाण्यात उभी राहून थोडी रडले. पाण्याचं बरं असतं, कुणाला कळत नाही.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवारी मी दहालाच केस विंचरून बसायची. फोनवर नवऱ्याला सांगितलं, "एक काकू येतात माझ्याकडे." 'माझ्याकडे' या शब्दावर मी जरा जास्तच जोर दिला असणार, कारण तो हसला.

"पिल्लं कशी आहेत माझी?" मी काकूंना विचारायची.

"मजेत आहेत," त्या म्हणायच्या आणि ठमीच्या तळव्यांना गुदगुल्या करायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या इथल्यापेक्षा मोठी टाकी आहे."

मग एक दिवस मी डॉक्टरकडे शेवाळ आणायला गेले. तो म्हणाला, "तुमच्या इमारतीत एक बाई आहेत, चष्मेवाल्या. त्यांच्या ऑस्करचं काय झालं हो?"

"कोण ऑस्कर?"

"मासा. ताटलीएवढा आहे. जिवंत खाणंच लागतं त्याला, गोळ्या तोंडात घेऊन थुंकतो. दर आठवड्याला बारके मासे न्यायच्या माझ्याकडून. दोन-तीन आठवडे झाले, आल्याच नाहीत. मेला की काय बिचारा?"

"नाही," मी म्हणाले. "जिवंत असेल."

घरी येऊन चपलांसकट बसले. दहा, आठ, दहा, आठ. छत्तीस. एकेकाला मी चमच्यात घेतलं होतं. अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला होता. आणि मग बरणीत घालून, वर चहा देऊन, हसत हसत दारापर्यंत पोचवायला गेले होते.

मंगळवारी अकरा वाजता टिचक्या पडल्या तेव्हा मी काय केलं ते सांगायला जीभ वळत नाही. मी दार उघडलं. चहा टाकला. काकूंनी ठमीला घेतलं. मी न्हाऊन आले. आणि बरणीत आठ पिल्लं घातली. मनाशी म्हटलं, थोरलीसुद्धा खातेच की. मनाशी म्हटलं, अशक्त तेवढी देऊ. टबावर वाकून मी मागे पडणारी, मंद पोहणारी शोधून शोधून काढत होते, आणि मागून काकू ठमीला सांगत होत्या, "आई बघ किती गुणाची."

मागे पडणाऱ्यांत एक होता तो मात्र मी उचलला नाही. त्याची पाठ जन्मापासून वाकडी, स्वल्पविरामासारखी. सरळ जायचं असलं तरी तो आधी थोडा खाली जायचा, मग वर. खाणं टाकलं की सगळ्यांत शेवटी पोचायचा, पण पोचायचा. त्याला मी वाकडोबा म्हणायची. ठमीची नजर बाकी सगळं सोडून त्याच्याच मागे जायची, खाली, मग वर. मान हलवायची तिची धडपड बघून मला हसू यायचं.

शुक्रवारी काकू टबापाशी स्वतःच आल्या. "थांब, मीच सांगते कुठली ते. हे बघ, हे वाकडं दे. कशाला ठेवलंस? कोण घेणार आहे याला?"

"हा नको," मी म्हणाले.

"अगं, वाकडंच आहे ते. तसंही जगायचं नाही."

"हा नको, काकू. आणि दुसरी पण नकोत. मला माहितीये ती कुठे जातात."

काकूंनी ठमीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. क्षणभर वाटलं, त्या नाही म्हणतील, काहीतरी सारवासारव करतील. मला ती चालली असती.

"कधीपासून माहितीये?"

"सोमवारपासून."

"मग मंगळवारी आठ दिलीस ती?"

उत्तर सोपं होतं, पण ते दोघींच्या मधोमध टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं.

"मासा आहे तो," काकू म्हणाल्या, "मासे खातो. मी काही त्याला बिघडवलेला नाही." त्यांनी ठमीला माझ्याकडे दिलं. ठमीने त्यांच्या चष्म्याची दांडी धरून ठेवली होती, ती सोडवायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघी अगदी जवळ उभ्या होतो. मग त्या चपला घालून गेल्या. बरणी राहिली टेबलावर.

मंगळवार गेला. मी केस विंचरून बसले होते, उगाच. शुक्रवार गेला. लिफ्टजवळचा कागद कुणीतरी काढून टाकला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे शिल्लक होते. फोनवर नवऱ्याने विचारलं, "काकू काय म्हणतायत?"

"येतात ना," मी म्हणाले.

ठमी त्या दिवसांत पहिल्यांदा पालथी पडली. मी टाळ्या वाजवल्या. एका माणसाच्या टाळ्या घरात फार मोठ्याने वाजतात. तिनेसुद्धा मान वर करून इकडेतिकडे बघितलं, बाकीचे कुठे आहेत म्हणून.

दुसऱ्या बुधवारी मी बरणी धुतली, पुसली, ठमीला कडेवर घेतलं आणि दोन मजले उतरून गेले. या इमारतीत येऊन मला चार महिने होत आले होते आणि मी कुणाचंही दार वाजवलं नव्हतं. हात वर केला आणि तिथेच धरून उभी राहिले. आतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. शेवटी ठमीनेच दारावर थाप मारली.

काकूंनी दार उघडलं. त्यांची नजर आधी बरणीवर गेली. ते मी पाहिलं, आणि पाहिलं हे त्यांनाही कळलं. बरणी रिकामी होती.

"बरणी विसरला होतात," मी म्हणाले.

"काचेच्या बरण्या काय कमी आहेत माझ्याकडे? ये."

घर इतकं आवरलेलं होतं की ठमीला कुठे ठेवावं कळेना. भिंतीला लावून मोठी टाकी, आणि तिच्यात एकच मासा. काळपट अंगावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे नारिंगी डाग. तो आमच्याकडे पाठ करून होता. ठमीने आवाज केला तसा सावकाश वळला, काचेपर्यंत आला आणि एका डोळ्याने तिला बघू लागला. ठमी हसली. अगदी तशीच, जशी वाकडोबाला बघून हसायची. माझी चव्वेचाळीस पिल्लं ज्याने खाल्ली त्याच्यासमोर माझी पंचेचाळिसावी खिदळत होती आणि तो शेपूट हलवत होता. मला त्याचा राग आणता आला नाही. आणून बघितला.

"माझ्या मुलाचा," काकू म्हणाल्या. "नोकरीला लांब गेला तेव्हा म्हणाला, आई, फक्त वर्षभर सांभाळ. नऊ वर्षं झाली. दर रविवारी फोन करतो, आधी विचारतो, ऑस्कर कसा आहे."

"आमच्याकडे पण आधी टाकी दाखवावी लागते."

काकू हसल्या नाहीत, पण हसायच्या बेतात आल्या. मग चहाचं भांडं ठेवलं आणि गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पाठच आहे समोर, बोलून टाकावं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, मंगळवारी का दिलीस. तुम्ही यावं म्हणून दिली."

चहाला उकळी आली. त्यांनी गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला.

"दुकान चौकातच आहे," त्या म्हणाल्या. "तिथे मिळत नव्हते असं नाही. तुझा कागद बघितला, संध्याकाळीही चालेल म्हणून. तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेला. म्हटलं, जावं. पण हातात काही नसताना कुणाचं दार कसं वाजवायचं गं?"

आम्ही चहा प्यायलो. ऑस्करला त्या आता गोळ्या घालत होत्या, पाच दिवस उपाशी राहून सहाव्या दिवशी तोंड वेंगाडत त्याने खाल्ल्या. "नखरे," त्या म्हणाल्या, "दुसरं काही नाही." निघताना येते म्हणाले. त्या 'ये' म्हणाल्या नाहीत आणि मीही 'या' म्हणाले नाही. बरणी त्यांच्या ओट्यावर ठेवली.

शुक्रवारी अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकराला मी पिल्लांना खाणं घातलं. वाकडोबा शेवटी पोचला. दुपारी समोरच्या बंद दारावर उन्हाचा पट्टा पडला आणि सरकत सरकत जिन्यावरून उतरून गेला. ठमीला झोपवून मी टबातलं पाणी बदललं, मग सगळे टब पुन्हा न्हाणीघरात नेऊन लावले, मधे जागा न ठेवता.

शनिवारी साडेनऊला, ठमी पालथी पडून सरकायची खटपट करत होती आणि माझ्या केसांना कंगवाही लागलेला नव्हता, तेव्हा दारावर दोन टिचक्या पडल्या.

मी दार उघडलं, आणि आधी त्यांच्या हातांकडे बघितलं.

हातात काही नव्हतं. काकूंना त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. पदराशी चाळा करून झाला, एक हात चौकटीवर ठेवून झाला, तो काढून झाला. मग त्यांनी दोन्ही पुढे केले.

"दे इकडे तिला," त्या म्हणाल्या. "आणि ते टब काढ बाहेर. न्हाऊन घे."